दिवा येईल तेव्हा येईल, आधी डाग बघणारं कोणीतरी हवं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्किन कॅन्सरवर नॅनो पार्टिकल (म्हणजे डोळ्याला न दिसणारे अतिशय बारीक कण) आणि लाइटने उपचार अशी बातमी आली होती ती वाचली, कापून आमच्या मेडिकलच्या काउंटरच्या काचेखाली पण ठेवली, आणि तेव्हापासून येणारं गिऱ्हाईक ती वाचून मला विचारतंय की ताई हे आपल्याकडे कधी येणार, दापोलीला मिळेल काय, का मुंबईच गाठायला लागणार. मी फार्मसिस्ट आहे, हर्णै बंदराजवळ आमचं दुकान आहे, त्यामुळे औषधाचं काय आणि कसं हे लोक डॉक्टरच्या आधी मलाच विचारतात. काउंटरवर उभ्याउभ्या एवढं सगळं सांगून होत नाही म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, जागा नसेल तर इकडचं तिकडचं कापा, पण लाइट किती खोल जातो तो भाग आणि टाचेचा-नखाचा भाग तेवढा ठेवा.

पहिलं म्हणजे बातमी खोटी नाही. लोकांना वाटतं लाइटने कॅन्सर कसा बरा होईल, पण ही गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९०० च्या सुमाराला म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा एक मेडिकलचा विद्यार्थी पॅरामेशियम म्हणजे पाण्यातल्या त्या बारीक जिवांवर एका रंगाचा प्रयोग करत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रंग तोच आणि तेवढाच, पण उजेड जास्त असला की ते जीव पटापट मरतात आणि उजेड कमी असला की जगतात. त्याचे सर टापायनर, त्यांनी हा धागा पकडला आणि १९०३ पर्यंत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरने स्किनच्या कॅन्सरवर इओसिन नावाचा रंग लावून वर प्रकाश टाकून बघितलापण. त्याच १९०३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला चामडीच्या टीबीवर प्रकाशाने उपचार केले म्हणून नोबेल मिळालं. म्हणजे काल-परवाची फॅशन नाही ही.

यात होतं काय, तर औषध असं निवडतात की अंधारात ते काहीच करत नाही, नुसतं पेशीत जाऊन बसतं. त्याच्यावर ठराविक रंगाचा प्रकाश पडला की ते तिथल्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो चेतलेला ऑक्सिजन त्या पेशीलाच मारतो. त्याचं आयुष्य इतकं कमी असतं की त्याला लांब जाताच येत नाही, म्हणून जिथे औषध आणि जिथे लाइट तिथलंच मरतं, बाकीचं अंग वाचतं. केमोत सगळ्या अंगाला जे भोगायला लागतं ते इथे नाही, आणि मला विचाराल तर या उपचाराचं खरं मोल इथेच आहे. याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं पीडीटी म्हणतात.

१९९० च्या सुमाराला कॅनडातल्या केनेडी आणि त्यांच्या टीमने दाखवलं की एएलए नावाचा पदार्थ, जो आपल्या शरीरात रोजच बनतो, रक्ताच्या लाल रंगाचा कच्चा माल आहे तो, तो वरून चोळला तर पेशी स्वतःच त्याचं प्रकाशाला चेतणारं औषध बनवतात आणि बिघडलेल्या पेशीत ते जास्त साठतं. अमेरिकेत १९९९ ला याला परवानगी मिळाली, कॅन्सर व्हायच्या आधी उन्हाने जे खरखरीत चट्टे येतात त्यांच्यासाठी. पण एक अडचण होती. एएलए पाण्यात रमणारा पदार्थ आणि आपल्या चामडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि चरबीचा, तो त्याला आत सोडतच नाही धड. इथे नॅनो कामाला आलं. औषध नॅनो इमल्शनमध्ये, म्हणजे चरबीच्या अतिशय बारीक थेंबांच्या जेलमध्ये घातलं की ते त्या थरातून जास्त चांगलं उतरतं. अमेलुझ नावाचं असं जेल युरोपात २०११ ला आणि अमेरिकेत २०१६ ला मंजूर झालं, पुढे युरोपात बेसल सेल कार्सिनोमा म्हणजे हळू वाढणाऱ्या स्किन कॅन्सरसाठी पण मंजूर झालं. जेल लावतात, झाकून ठेवतात तीन तास, मग पुसून लाल दिव्याखाली साधारण दहा मिनिटं. एवढंच. जळजळ होते बऱ्यापैकी, काहींना सहन होत नाही इतकी, तेही लोकांना सांगायला हवं आणि नंतर दोन दिवस ती जागा उन्हापासून जपायला लागते.

म्हणजे नॅनो आणि लाइट एकत्र हे आज जगात खरोखर वापरात आहे. आता तुमच्या बातमीत जो दुसरा प्रकार होता, सोन्याचे नॅनो कण आणि लेझर, तो वेगळा आहे आणि तो वेगळा आहे हे बातमीत कुठेच आलं नाही, म्हणून लोकांचा गोंधळ झाला. तिथे ऑक्सिजनचा संबंध नाही. २००३ ला अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या टीमने काचेच्या बारीक कणांवर सोन्याचा पातळ थर चढवला, त्याच्यावर डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश टाकला की कण तापतात आणि गाठ आतून भाजते. डोक्याने फार सुंदर काम आहे हे. माणसांवर प्रोस्टेटच्या गाठीत त्याची पहिली चाचणी छापून आली २०१९ ला, सोळा पेशंटवर. पण स्किन कॅन्सरसाठी सोन्याचे कण अजून जास्त करून उंदरांवर आणि लॅबमध्येच आहेत. बातमीत उंदीर हा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत होता साहेब, आणि हेडिंगमध्ये "कॅन्सर गायब". आमच्या काउंटरवर लोक हेडिंगच वाचतात.

आणि नॅनो म्हटलं की औषध बरोबर गाठीतच जातं असं जे लिहितात तेही अर्धंच आहे. पहिलं नॅनो औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, डॉक्सिल, चरबीच्या बारीक गोळीत भरलेलं केमोचं औषध, आणि तेही एड्सच्या पेशंटना चामडीवर गाठी येतात त्या कापोसी सार्कोमासाठी. त्याने हृदयावरचा त्रास कमी झाला, हा मोठा फायदा आहे. पण २०१६ मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर शिरेतून दिलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते मधल्या हिशोबाने ०.७ टक्के. शंभरातला एकपण नाही. बाकीचे लिव्हर आणि प्लीहा अडवून धरतात. म्हणून मला स्किनच्या बाबतीत जास्त आशा वाटते, कारण इथे शिरेतून जायची गरजच नाही, वरून लावता येतं आणि लाइटपण वरूनच.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्किन कॅन्सर बरा करणाऱ्या साबणाचा जो फॉरवर्ड फिरतोय त्याबद्दल पण लोक विचारतात. तो मुलगा खरा आहे, हेमन बेकेले, अमेरिकेतला, चौदा वर्षांचा असताना २०२३ मध्ये शाळेच्या मुलांच्या विज्ञान स्पर्धेत पहिला आला, टाइम मासिकाने २०२४ ला त्याला किड ऑफ द इयर पण केलं. त्याची कल्पना अशी की इमिक्विमॉड हे औषध नॅनो कणांत घालून साबणातून द्यायचं. चांगली कल्पना आहे, मुलगा गुणी आहे, पण तो साबण दुकानात नाही, अजून अभ्यास चालू आहेत. माझ्याकडे तो मागायला लोक आले होते.

आता मुद्द्याचं. लाइट किती खोल जातो. लाल लाइट चामडीत काही मिलिमीटर जातो, निळा तर त्याहून कमी. पावसाळ्यात खाडीच्या गढूळ पाण्यात बॅटरी मारली तर वीतभर खाली काही दिसत नाही, तसंच रक्ताने आणि रंगद्रव्याने भरलेल्या मांसात प्रकाशाचं होतं. लालच्या पलीकडचा प्रकाश जरा जास्त खोल जातो म्हणून सोनेवाले तो वापरतात, पण त्यालाही मर्यादा आहेच. याचा अर्थ काय, तर हा सगळा उपचार पातळ, वरवरच्या डागासाठी आहे. जाड गाठ झाली, खाली हाडापर्यंत गेली, जांघेतल्या गाठी सुजल्या की मग दिवा काही कामाचा नाही, तिथे ऑपरेशन, रेडिएशन, हेच. आणि मेलानोमा, जो स्किन कॅन्सरमधला सगळ्यात वाईट, त्यात काळं रंगद्रव्य भरपूर असतं आणि ते प्रकाश स्वतःच पिऊन टाकतं, म्हणून त्याला नेहमीची पीडीटी देतच नाहीत. खरं तर डाग लहान असताना कुठलाही स्किन कॅन्सर नुसता कापून काढला, जागा बधिर करून, तर बहुतेक वेळा तिथेच संपतो. नॅनो असो लेझर असो नाहीतर सुरी असो, सगळ्यांची अट एकच, माणूस लवकर आला पाहिजे.

आणि आमच्याकडे माणूस लवकर येत नाही. कारण तो आधी माझ्याकडे येतो. "ताई ती नेहमीची ट्यूब द्या." ती नेहमीची ट्यूब म्हणजे स्टेरॉइड, फंगसचं आणि जंतूंचं औषध सगळं एकत्र कालवलेलं. खाज थांबते, लाली जाते, माणसाला वाटतं बरं झालं, चार दिवसांनी परत येतं, परत ट्यूब. असं करत वर्ष जातं. कायद्याने अशी स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, मी देत नाही, त्यावरून रोज वाद होतात, आणि माणूस उठून पुढच्या दुकानात जातो, तिथे मिळते. मला राग येतो तो गिऱ्हाइकाचा नाही. त्याला डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवस मोडतो, बोट चुकते, आणि चामडीचा डॉक्टर तालुक्याला रोज नसतो.

लोक म्हणतात स्किन कॅन्सर गोऱ्यांना होतो, आपण काळेसावळे, आपल्याला कुठे. अर्धं खरं आहे. आपल्या रंगामुळे उन्हापासून आपलं बरंच रक्षण होतं आणि हा रोग आपल्याकडे युरोप-ऑस्ट्रेलियापेक्षा खूप कमी आहे. पण उन्हाचा आणि या कॅन्सरचा संबंध पहिल्यांदा लक्षात आला तोच मुळी दर्यावर्दी लोकांमुळे, १८९४ साली, जर्मनीच्या उन्ना नावाच्या चामडीच्या डॉक्टरने खलाशांच्या तोंडा-हातावरची कातडी बघून ते लिहिलं. आपले खलाशी तेच काम करतात, डोक्यावर ऊन आणि खालून पाण्यावरून परत उलटून आलेलं ऊन.

मुख्य म्हणजे आपल्या रंगाच्या लोकांत हा रोग उन्हाच्या जागा सोडून भलतीकडेच येतो आणि त्यामुळे कोणी तिकडे बघतच नाही. तळपायाला, टाचेला, तळहाताला, नखाखाली मेलानोमा येतो. बॉब मार्ली, गाणारा, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता, १९७७ ला कळलं, १९८१ ला छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आता बंदरावर अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेला काळा डाग आला तर तो काय म्हणणार, काटा लागला असेल, शिंगाळ्याचा काटा मोडला असेल, कालव लागलं असेल. नखाखाली काळी रेघ आली तर माकुळाची, म्हणजे त्या शाई सोडणाऱ्या माशाची, शाई. बरोबरच आहे त्याचं, दहातल्या नऊ वेळा तसंच काहीतरी असेल, पण रेघ रुंद होत चालली, नखाच्या बाहेर कातडीवर काळं पसरायला लागलं, टाचेचा डाग वाढतोय, कडा वाकड्यातिकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतायत, तर तो दाखवायलाच हवा.

दुसरी जागा म्हणजे जुना भाजल्याचा व्रण. चुलीवर, उकळत्या पाण्याने, लहानपणी कधी भाजलेलं, तिथली कातडी आयुष्यभर कमजोर राहते आणि वीस-तीस वर्षांनी तिथे न भरणारी जखम होते, ती कधीकधी कॅन्सरची असते. आणि तिसरी जागा कंबर. हे वाचून बायका आश्चर्य करतात. १९४५ साली मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी (खानोलकर नाव कोकणाला परकं नाही, वेंगुर्ल्याकडचं खानोली आपल्याला माहीत आहे) आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाईंनी लिहून ठेवलंय की घट्ट नेसलेल्या धोतराने कमरेला रोज घासून घासून तिथे कॅन्सर होऊ शकतो. नंतर साडीच्या, परकराच्या नाडीमुळे झालेल्या केसेस पण डॉक्टरांनी नोंदवल्या, आपल्या महाराष्ट्रातूनच. फार क्वचित होतो, घाबरायचं कारण नाही, पण कमरेला नाडीखाली काळं पडून कातडी सोलतेय आणि जखम महिनोन् महिने भरत नाहीये तर नाडी सैल करा, रुंद पट्टा लावा आणि दाखवा. बायका ती जागा कोणाला दाखवत नाहीत. मला दाखवतात, दुकानाच्या मागच्या खोलीत, कारण मी बाई आहे. मग मी चिठ्ठी लिहून देते चामडीच्या डॉक्टरकडे जायची, आणि किती जणी जातात ते मला माहीत आहे.

बायोप्सीला तर लोक इतके घाबरतात. सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो असं घट्ट बसलंय डोक्यात. असं होत नाही. चामडीचा चणाडाळीएवढा तुकडा काढतात, जागा बधिर करून, टाका घालतात, घरी पाठवतात. त्याशिवाय रोग कुठला आणि किती खोल हे कळतच नाही, आणि ते कळल्याशिवाय दिवा चालेल का सुरी लागेल हे ठरत नाही.

एक धोक्याची गोष्ट. बातमी वाचून एका घरात बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सुरुवात झाली. बावचीत सोरालेन असतं, कोडावर ते पूर्वीपासून वापरतात, आणि सोरालेनच्याच जातीच्या औषधाने १९७० च्या दशकात सोरायसिसवर पीयूव्हीए म्हणजे सोरालेन अधिक अतिनील प्रकाश अशी ट्रीटमेंट आली, म्हणजे औषध अधिक प्रकाश ही कल्पना आपल्या वैद्यांना ओळखीची होती, याचा मला अभिमान आहे. पण ते काम वेगळं आहे, सोरालेन पेशीच्या डीएनएला चिकटतं, आणि लांब काळ पीयूव्हीए घेतलेल्यांत स्किन कॅन्सर उलट वाढतो हे सिद्ध झालेलं आहे. कॅन्सरच्या संशयाच्या डागावर बावची लावून उन्हात बसू नका, कृपा करून हे चौकटीत छापा.

आता माझं मागणं. ही सगळी लाइट थेरपी गोऱ्या कातडीवर, गोऱ्यांच्या रोगासाठी घडवलेली आहे. सावळ्या कातडीत किती प्रकाश उतरतो, डोस किती लागेल, नंतर काळे डाग किती राहतात हे आपल्या लोकांवर बघायला पाहिजे. आयआयटी मुंबईत नॅनो औषधांवर आणि सोन्याच्या कणांनी गाठ तापवण्यावर चांगलं काम चालतं, भारत सरकारने २०१९ मध्ये नॅनो औषधं कशी तपासायची याच्या मार्गदर्शक सूचना पण काढल्या. मग चाचण्या होतील तेव्हा त्यात उन्हात काम करणारे किनाऱ्यावरचे लोक पण घ्या. युरोप-ऑस्ट्रेलियात तर आता क्रीम लावून दिव्याऐवजी दोन तास दिवसाच्या उजेडात बसवायची पद्धत पण वापरतात, दुखतं कमी, मशीन लागत नाही. आपल्या उन्हात आणि आपल्या रंगावर ती कशी चालेल हे कोणीतरी डॉक्टरांनी इथे बसून बघावं असं मला फार वाटतं.

पण त्याच्या आधी बघणारा डोळा हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळे खलाशी घरी असतात, जाळी विणतात. त्या दोन महिन्यांत हर्णै, दाभोळ, जयगड, तिकडे देवगड, मालवण, एकेका बंदरावर एक दिवस चामडीचा डॉक्टर बसवा, आणि बरोबर एक बाई डॉक्टर किंवा सिस्टर, आडोसा करून. मशीन नको, एक भिंग आणि चांगला उजेड पुरे. पाय धुऊन टाचा बघा, नखं बघा, जुने व्रण बघा, कंबर बघा. संशय असेल त्याची तिथेच चिठ्ठी करून द्या आणि बायोप्सीची तारीख पण तिथेच द्या, कारण "जिल्ह्याला जाऊन या" म्हटलं की माणूस बोट सुरू होईपर्यंत जात नाही आणि नारळी पौर्णिमेनंतर तर तो सापडतच नाही. उपचाराचंही तेच, ज्याला ऊन टाळायला लागणार आहे त्याला पावसाळ्यातच ते जमेल. आशाताई घरोघरी जातातच, त्यांना चार फोटो देऊन शिकवलं तर त्या आम्हा सगळ्यांपेक्षा आधी पकडतील.

आम्हा मेडिकलवाल्यांसाठी पण सांगते, चार आठवड्यांत न भरलेल्या जखमेला ट्यूब द्यायची नाही, एवढं तालुक्यातल्या सगळ्या दुकानांनी ठरवलं तर पुष्कळ होईल. मी आमच्या संघटनेच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे.

तुमच्याकडे एकच विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा हेडिंगच्या खालीच लिहा की हे उंदरांवर झालंय, माणसांवर झालंय का दवाखान्यात मिळतंय. आणि जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयांत चामडीचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारून दर महिन्याला कोकण पानावर छापा. ते कात्रण मी काचेखाली लावीन.

आपली,
एक फार्मसिस्ट वाचक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी